‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणण्याआधी: पेयात काही मिसळल्याची शंका आली तर काय करायचं, कोणत्या क्रमानं

दुपारचे तीन वाजले होते. मी साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत ड्युटीवर होते. दोघी मैत्रिणी तिसरीला धरून घेऊन आल्या. आदल्या रात्री कासच्या बाजूला वाढदिवसाला गेल्या होत्या. तिनं दीड ग्लास बिअर घेतली आणि पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं. मैत्रिणींनी सगळं मायेनंच केलं होतं. लिंबूपाणी पाजलं, आंघोळ घातली, उलटीचे कपडे धुऊन वाळत घातले, दहापर्यंत झोपू दिलं. उठल्यापासून ती चार वेळा लघवीला जाऊन आली होती. आम्ही तपासलं, सलाईन लावलं, नमुनेही घेतले. पण ‘मला कुणी काही दिलं होतं का?’ हा तिचा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारं बरंचसं त्या सकाळी मोरीतून वाहून गेलं होतं.

अशी माणसं पुन्हा पुन्हा येतात, मुली येतात तसे मुलगेही. प्रत्येक वेळी चूक एकच असते: खात्री होईपर्यंत थांबणं. खात्री प्रयोगशाळा करते, तुमच्याकडे नुसती शंका असली तरी निघायला पुरे. म्हणून खालचा क्रम एकदा नीट वाचा आणि ज्यांच्यासोबत बाहेर जाता त्यांनाही वाचायला द्या. ज्याच्या पेयात काही मिसळलंय त्याला त्या क्षणी हे काहीच सुचणार नसतं. करायचं असतं ते सोबतच्यांनी.

१. निघण्याआधीची तयारी

चौघे-पाच जण जाणार असाल तर एकानं त्या रात्री अजिबात प्यायची नाही, हे घरातून निघतानाच ठरवा. तिथं गेल्यावर ठरवू म्हणालात की ते ठरत नाही. गाडीची किल्ली त्याच्याकडे, आणि कोण कुठं आहे यावर लक्ष ठेवायचं कामही त्याचंच.

फोनमध्ये १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत) हे नंबर हवेत. त्यांच्या जोडीला रात्री दोन वाजता फोन उचलेल अशा घरच्या एका माणसाचा नंबर ठेवा. कास, बामणोली, तापोळ्याकडे रेंज जाते, महाबळेश्वरच्या आतल्या रिसॉर्टवरही जाते. पोचल्या पोचल्या रिसेप्शनचा फोन चालतो का आणि वायफायवरून कॉल लागतो का, ते बघून घ्या.

बाटली तुमच्यासमोर उघडून घ्या, कोल्ड्रिंकचीसुद्धा. ‘मी पीत नाही’ म्हणणाऱ्यांना वाटतं हा विषय आपला नव्हेच. गुंगीचं औषध मात्र सरबतात, थंडाईत, कॉफीत सगळीकडे विरघळतं. फार्महाऊसवरच्या पार्टीत मोठ्या भांड्यात कालवून ठेवलेलं मॉकटेल मी स्वतः घेत नाही. त्यात कुणी काय आणि किती ओतलंय हे ओतणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं.

एक छोटी सवय लावून घ्या. प्रत्येक नवा ग्लास हातात आला की त्याचा फोटो काढा. फोटोवर वेळ पडते. किती घेतलं आणि कधी घेतलं हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, आणि नेमकं तेच कुणाला आठवत नाही.

इशारा: पेय तपासायच्या पट्ट्या आणि कोस्टर ऑनलाइन मिळतात. त्यावर विसंबू नका. त्या मोजक्याच पदार्थांसाठी असतात. पट्टीचा रंग बदलला नाही म्हणून ग्लास सुरक्षित ठरत नाही. रंग, वास, चव यांवरूनही बहुतेक वेळा काहीच कळत नाही.

२. शंका कधी घ्यायची

घेतलेल्या मापाच्या मानानं जास्त चढणं, ही पहिली खूण. एरवी तीन ग्लास घेऊन नीट बोलणारा माणूस एकाच ग्लासानंतर अर्ध्या तासात तोल जाऊन बसतो. जीभ जड होते, डोळे मिटायला लागतात, हातपाय आपले वाटत नाहीत, एकदम मळमळतं. काही जण उलट बडबडे होतात, मोकाट वागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. दारू न घेतलेल्या माणसाला असं झालं तर शंका घ्यायलाच हवी.

मिसळलेली वस्तू औषधच असेल असं नाही. बिअरमध्ये कडक दारू ओतणं किंवा सिंगल मागितल्यावर गुपचूप डबल भरून देणं, हेही त्यातच येतं. ‘गंमत केली’ असं सांगितलं जातं. समोरच्याच्या नकळत त्याला नशा चढवणं ही गंमत नाही, आणि कायद्यातही त्याला गंमत म्हटलेलं नाही.

अशीच लक्षणं साखर घसरल्यावर, डोक्याला मार लागल्यावर आणि फिट येऊन गेल्यावरही दिसतात. म्हणून निदान तुम्ही करायचं नाही. दवाखान्यात जायचं.

३. पहिली दहा मिनिटं

एक. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. बाथरूमलाही नाही. दार आतून लावू देऊ नका, तुमच्यापैकी एकजण आत जा.

दोन. उजेडात आणा, काउंटरजवळ. मॅनेजरला स्पष्ट शब्दांत सांगा: ‘हिच्या पेयात काहीतरी मिसळल्याची शंका आहे. हा ग्लास उचलू नका, टेबल पुसू नका.’ परमिट रूममध्ये पोऱ्या दोन मिनिटांत टेबल साफ करून जातो. त्याचं ते कामच असतं. म्हणून आधी सांगायचं.

तीन. ‘मी सोडतो ना घरी’ म्हणत पुढे आलेल्या ओळखी-अनोळखी कुणाच्याही हवाली करू नका. सोबत जो निघाला होता त्यानंच परत न्यायचं. माणूस नात्यातला किंवा ऑफिसातला असला तरी नियम हाच. अशा प्रकरणांत पुष्कळदा ओळखीचाच माणूस निघतो.

चार. पेय तिथंच थांबवा. उतारा म्हणून वर काहीही पाजू नका.

४. श्वास मोजा, पाजू नका

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि जीव जातो तोही इथंच.

हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून उत्तर दिलं तर बसवून ठेवा आणि बोलतं ठेवा. उत्तर आलं नाही तर घड्याळ लावून एक मिनिटभर छातीची हालचाल मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा मोठी खंड, ओठ-नखं निळसर, अंग गार, घशातून घरघर, झटके: यांतलं एकही दिसलं तर १०८ लावा. वाट बघायची नाही. श्वास थांबलाच असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा. १०८ वरचा माणूस फोनवर सांगत जाईल, फोन स्पीकरवर ठेवा.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशा वेळी कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे अंग पालथं होणार नाही. वरचा हात गालाखाली घ्या. हनुवटी जराशी वर आणि तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी बाहेर पडेल. उताणं झोपवलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते आणि शेजारच्या खोलीत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही.

आता न करायच्या गोष्टी. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायची नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी औषध उतरत नाही, अर्धवट शुद्धीतला माणूस मात्र त्यानं गुदमरतो. गार पाण्याखाली बसवायचं नाही. अंग आधीच गार पडत असतं. थोबाडीत मारून जागं करायचं नाही. आणि ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असं म्हणत खोलीत निजवून दार ओढून घ्यायचं, हे तर मुळीच नाही.

तपासा: माणूस कुशीवर आहे? शेजारी कुणीतरी जागं आहे? श्वास दर पाच मिनिटांनी मोजला जातोय? तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढे वाचा.

५. कुठल्या दवाखान्यात

निर्णय एकाच गोष्टीवर घ्या. श्वासाची किंवा शुद्धीची शंका असेल तर सगळ्यात जवळचा दवाखाना, मग तो खासगी असो की सरकारी. माणूस बोलतोय, चालतोय, श्वास नीट आहे, तर थेट सरकारी मोठं रुग्णालय गाठा. तिथं पोलिसी बाजूच्या नमुन्यांची रोजची सवय असते आणि पोलीस चौकीही जवळ असते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय.

महाबळेश्वरहून किंवा कासहून निघताना विचार करा. पसरणी, केळघर, यवतेश्वर हे घाट रात्री आणि धुक्यात वेळ खातात. माणूस पेंगुळलेला असेल तर अर्ध्या घाटात श्वास बिघडला तरी थांबायला जागा नसते. अशा वेळी वाटेतलं ग्रामीण रुग्णालय आधी, किंवा मोफत मिळणारी १०८. स्वतःच्या गाडीतून नेलंत तर मागच्या सीटवर कुशीवर निजवा आणि एकजण मागेच बसा. न प्यायलेलाच गाडी चालवेल.

पुष्कळांचे पाय दवाखान्याच्या दारात अडखळतात ते एका भीतीनं. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वय लागतं, शिवाय परवाना. अठरा-वीस वर्षांची पोरं म्हणतात, ‘सिस्टर, घरी कळलं तर?’ मी त्यांना सांगते, आधी श्वास, मग घर. काय घेतलं आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. लपवलंत तर उपचार चुकतील.

६. लघवी धरून ठेवा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: घटनेनंतरची पहिली लघवी दवाखान्यात, नमुन्याच्या बाटलीतच झाली पाहिजे.

कारण साधं आहे. काही गुंगीची औषधं शरीरातून फार भराभर निघून जातात. जीएचबी नावाचं द्रव्य रक्तात साधारण ६ ते ८ तास आणि लघवीत १० ते १२ तासच सापडतं. झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधं लघवीत दोन-चार दिवस टिकू शकतात. दारूचाही माग काही तासांनी पुसट होत जातो. रात्री अकराला घेतलेल्या पेयासाठी दुपारी तीनला येणं म्हणजे सोळा तास उलटून गेले. पहिल्या लघवीत जे दाटून असतं ते पाचवीत पातळ झालेलं असतं.

धरवतच नसेल तर स्वच्छ कोरड्या झाकणाच्या डब्यात घ्या, वर वेळ लिहा, गार जागी ठेवा आणि सोबत आणा. कोर्टात त्याचं वजन दवाखान्यात घेतलेल्या नमुन्याइतकं नसतं. तरीही ओतून देण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर काय म्हणायचं, हे शब्द पाठच करा: ‘पेयात गुंगीचं औषध मिसळल्याची शंका आहे. एमएलसी करा. रक्त आणि लघवी दोन्ही घ्या, विष तपासणीसाठी.’ एमएलसी म्हणजे पोलिसी नोंदीची केस. हा शब्द उच्चारला नाही तर गर्दीच्या रात्री ‘दारू जास्त झाली’ एवढंच लिहून सलाईन लागतं आणि सकाळी डिस्चार्ज होतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. तीन अपघात आणि एक हार्ट अटॅक एकाच वेळी आलेले असतात.

मग शांतपणे पाहत राहा. लघवीची बाटली भरपूर घेतली का, शक्य असेल तर शंभर मिलिलीटर? रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतलं का? त्या नळीत रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड असतं. सलाईन लावण्याआधी घेतलं तर उत्तम. बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि सही आहे का, सील लावलं का? एमएलसी नंबर तुमच्या फोनमध्ये लिहून घ्या. पुढे दहा ठिकाणी तो विचारतील.

इशारा: कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये लघवीची ड्रग टेस्ट करून ‘निगेटिव्ह आली, काही नव्हतं’ असा निष्कर्ष काढू नका. त्या साध्या किटमध्ये जीएचबी तपासलंच जात नाही, झोपेच्या काही गोळ्याही निसटतात. खरी तपासणी पोलिसांमार्फत न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत होते. त्या अहवालाला पोलीस ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल. तो यायला वेळ लागतो. आणि तोही निगेटिव्ह आला तर घडलंच नाही असं ठरत नाही. नमुना उशिरा पोचला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

७. धुऊ नका, पुसू नका

उरलेल्या पेयाचा ग्लास किंवा बाटली झाकून उभी धरून ठेवा. हॉटेलवाला ठेवून देईल यावर सोडू नका, पोलिसांच्या हाती द्या. उलटीनं माखलेले कपडे धुवायचे नाहीत. ते वाळवून कागदी पिशवीत घाला, किराणा दुकानातली खाकी पिशवी चालते. प्लॅस्टिकमध्ये ओल राहून ते कुजतात.

बिल, यूपीआयच्या नोंदी, ग्लासांचे फोटो, गाडीचं बुकिंग, काहीही डिलीट करू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून दुसऱ्याच दिवशी हॉटेलला लेखी अर्ज द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, आणि त्याची पोच घ्या. फुटेज ताब्यात घेणं हे पोलिसांचं काम. पुसलं जाऊ नये म्हणून धडपडणं तुमचं.

८. सकाळी जाग आली आणि काहीच आठवत नाही

खोली अनोळखी आहे, कपडे उलटसुलट आहेत, अंग दुखतंय, फोन सापडत नाही. अशा वेळी मन सांगतं, आंघोळ करून सगळं विसरून जाऊ. ती आंघोळ थोडी थांबवा. दात घासू नका, कपडे बदलू नका, शक्य असेल तर लघवीही धरा. एका विश्वासाच्या माणसाला फोन करा आणि तसंच दवाखान्यात जा. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील तरीही जा. चार दिवस उलटून गेले तरी लघवीच्या तपासणीला अर्थ असतो.

अत्याचाराची शंका असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, कुठलंही रुग्णालय मोफत उपचार नाकारू शकत नाही. आधी एफआयआर आणा, असंही म्हणू शकत नाही. तपासणी तुमच्या संमतीनंच होते. अजूनही कुठं ‘टू फिंगर’ तपासणीचं (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) नाव निघालं तर नकार द्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ती चुकीची ठरवली आहे. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही टाळण्याचं औषध, दोन्ही ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. जितक्या लवकर घ्याल तितकं चांगलं. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

आणि हे तिला कुणीतरी तोंडानं सांगायलाच हवं: ‘तू स्वतःहून प्यायली होतीस, तरी यात तुझा दोष नाही.’ कायदाही हेच म्हणतो. नशेमुळे ज्याला कळत नव्हतं त्याचा होकार हा होकार धरत नाहीत.

नजर बिघडली, डोळ्यांपुढे धुकं दिसायला लागलं, तर ती वेगळी घंटा आहे. भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) बारा-चोवीस तासांनी असं दाखवतं. त्याला तातडीचं डायलिसिससुद्धा लागू शकतं. ‘हँगओव्हर आहे’ म्हणून डोक्याला बाम लावून झोपू नका.

मुलग्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा पाकीट, चेन आणि खात्यातले पैसे गेलेले असतात. पुणे-बंगळुरू महामार्गावर गाडी थांबवून कुणाशी तरी ओळख होते, चहा होतो, आणि जाग येते ती दुसऱ्या गावात. लाजेनं ते कुणाला सांगत नाहीत. दवाखान्यात तर जाच, त्यासोबत बँकेचं अ‍ॅप उघडून बघा, कार्ड बंद करा आणि १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. पहिल्या तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

९. पोलीस ठाण्यात

घटना महाबळेश्वरला घडली आणि तुम्ही सांगलीचे असाल, तर सांगलीतही तक्रार देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. लागू होणारं मुख्य कलम भारतीय न्याय संहितेचं १२३: इजा किंवा गुन्हा करण्याच्या हेतूनं गुंगीचं वा नशेचं काही देणं. शिक्षा १० वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधीचं प्रकरण असेल तर जुन्या दंडसंहितेचं कलम ३२८. लैंगिक अत्याचाराची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा आणि पावती जपा.

जबाब देताना आठवतं तेवढंच सांगा. मधली जागा रिकामी असेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. मैत्रिणीनं सांगितलेलं स्वतःचं म्हणून सांगितलंत की पुढे उलटतपासणीत तेच धरतात. त्याआधी घरीच एका कागदावर वेळा मांडून काढा: कितीला पोचलो, पहिला ग्लास कितीला, कुणी आणला, शेवटचं स्पष्ट काय आठवतं. सोबतच्यांनी आपापला कागद वेगळा लिहावा, एकत्र बसून नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्या माणसाचा फोटो आणि नाव टाकून ‘सावध राहा’ लिहायचा मोह होतो. थांबा. त्यानं समोरचा सावध होतो. शिवाय आपल्या गावांत दोन तासांत मुलीचं नावही त्याच्या मागून फिरायला लागतं. अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

१८ वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असेल आणि लैंगिक गुन्ह्याची शंका असेल, तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. ते ‘घरातल्या घरात मिटवता’ येत नाही. १०९८ वर बालकांसाठीची मदत मिळते, १८१ वर महिलांसाठीची. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथं राहायला, समुपदेशनाला आणि वकिलासाठी मदत होते. पात्र प्रकरणांत मनोधैर्य योजनेचा (अत्याचारग्रस्तांना आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची योजना) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.

१०. पुढचे काही दिवस

पहिले चोवीस तास एकटं झोपू देऊ नका. पुन्हा गुंगी वाढली, सारखी उलटी झाली, बोलण्यात गोंधळ दिसला, तर परत कॅज्युअल्टी. दारू आणि झोपेच्या गोळ्या या काळात पूर्ण बंद. तुटक आठवणी दोन-तीन दिवसांनी वर येतात, कधी वासानं, कधी एखाद्या गाण्यानं. त्या आल्या की तारीख-वेळेसह त्याच कागदावर उतरवा आणि तपासी अंमलदाराला कळवा. झोप उडाली, गर्दीत घाबरायला झालं, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. केसपेपर काढताना कारण सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांनाच सांगते’ एवढं म्हटलं तरी चालतं.